विकणाऱ्याने विचारावे काय?

बीडहून सोलापूरच्या वाटेस लागले म्हणजे मांजरसुंबा लागतो, व तेथून जवळच बालाघाटाच्या डोंगरांत कपिलधार हे स्थान आहे. पावसाळ्यात तेथे कड्यावरून पाण्याची धार कोसळते. 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधी येथेच असून कार्तिक पौर्णिमेस वीरशैव लिंगायत लोकांची मोठी यात्रा भरते. मराठवाड्यातून व कर्नाटकातून दिंड्या येतात. आपल्या पोटाचा धंदा हाच देवाच्या सेवेसारखा शुद्ध असावा, त्यास 'कायक' म्हणावे, ही शिकवण बाराव्या शतकात बसवेश्वरांनी ह्या लोकांस दिली. तेव्हा धंद्याच्या शुद्धतेविषयी जो प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो, त्यास कपिलधारेहून सुरुवात करणे अयोग्य होणार नाही.

यात्रा म्हटली म्हणजे दुकाने आलीच. समजा, त्या दुकानांत एक लोहार विळे, खुरपी आणि कोयते मांडून बसला आहे. कार्तिकाचा महिना म्हणजे ऊसतोडीच्या हंगामाचा आरंभ. बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ह्याच सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. ऊस तोडणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस इकडे 'एक कोयता' असेच म्हणतात. म्हणजे ज्या हत्यारावर घर चालते, त्याचेच नाव त्या घरास पडले आहे. एक मनुष्य येतो, कोयत्याची धार अंगठ्याने पाहतो, पैसे देतो आणि निघून जातो. तो त्या कोयत्याने ऊस तोडील, अथवा पुढे एखाद्या भांडणात शेजाऱ्याच्या मानेवर मारील. तो मारील तर लोहार दोषी होईल काय?

हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचिलेला नाही. पुणे शहरात तरुणांच्या टोळ्या कोयते घेऊन रस्त्यात दहशत घालू लागल्या, तेव्हा २०२३ सालच्या आरंभी तेथील पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांस सांगितले की, घेणाऱ्याचे आधारकार्ड पाहून नोंद ठेवावी. पुष्कळांस हे विचित्र वाटले. शेतकऱ्याचे हत्यार घेण्यास कागद कशाला? आणि दुसऱ्या कित्येकांस वाटले की, विकणाऱ्यांनी हे आधीच का केले नाही?

ह्या प्रश्नास दोन सोपी उत्तरे देण्यात येतात, व आम्हांस ती दोन्ही अपुरी वाटतात. पहिले उत्तर व्यापाऱ्याचे आहे. तो म्हणतो, "मी वस्तू विकली, पाप विकले नाही. ज्याने हात उगारला त्याने भोगावे." दुसरे उत्तर रागावलेल्या लोकांचे आहे. ते म्हणतात, "वस्तू नसती तर अपराध घडता ना, म्हणून विकणारासच धरा." पहिले खरे मानिले तर दरोडेखोरास रात्री बंदूक विकणारा दिवसा सज्जन म्हणून मिरवील. दुसरे खरे मानिले तर दोर, काडेपेटी, रॉकेल आणि स्वयंपाकघरातील सुरी ह्यांपैकी एकही वस्तू कोणास विकता येणार नाही, कारण ज्याच्या मनात वाईट आहे त्यास कोणतीही वस्तू पुरते.

तेव्हा मधली रेषा कोठे ओढावी? ह्या कामी मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात, एक नियम आहे. तो शेतकऱ्यांसाठीच सांगितला असल्याने आमच्या वाचकांस सहज समजेल. एखाद्याच्या बैलाने माणसास शिंग मारून ठार केले, तर बैलास मारावे, पण धन्यास निर्दोष समजावे. कारण बैलाने असे करावे अशी धन्याची इच्छा नव्हती आणि असे होईल हे त्यास ठाऊकही नव्हते. परंतु तो बैल पूर्वीपासून मारका असेल, लोकांनी धन्यास तसे सांगितलेही असेल, आणि तरी त्याने त्यास बांधून ठेविले नसेल, तर धनीही दोषी ठरतो. बैल तोच, शिंग तेच, मेलेला मनुष्यही तसाच. दोन प्रसंगांत फरक एवढाच की, दुसऱ्यात धन्यास ठाऊक होते व बांधून ठेवणे त्याच्या हाती होते.

त्याच शास्त्रात आणखी एक नियम आहे. नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेला तर रक्ताचा दोष त्या घरावर येईल. बीडकडील आमच्या वाचकांस माळवदाची घरे ठाऊक आहेत. तेथे उन्हाळ्यात लोक माळवदावर निजतात. पडणारा आपल्याच चुकीने पडतो, हे खरे. तरी कठडा घालणे हे बांधणाऱ्याचे काम आहे, कारण मनुष्य चुकतो हे बांधणाऱ्यास आधीपासून ठाऊक असते.

हे दोन नियम एकत्र घेतले म्हणजे विकणाऱ्यासाठी एक माप तयार होते. विकणाऱ्यास काय ठाऊक होते? ठाऊक नसल्यास, एक प्रश्न विचारून ठाऊक झाले असते काय? आणि ठाऊक झाल्यावर, दावे बांधणे किंवा कठडा घालणे त्याच्या हाती होते काय? यात्रेतील आपला लोहार ह्या मापाने निर्दोष ठरतो. शंभर कोयत्यांपैकी बहुधा शंभरही उसातच जातात. पण कोणी संध्याकाळी धापा टाकीत, शेजाऱ्याचे नाव घेऊन शिव्या देत आला आणि "एक धार लावलेला दे" म्हणाला, तर तोच लोहार, तोच कोयता, तीच किंमत असूनही विक्री निराळी होते. कारण आता बैल मारका आहे हे त्यास कोणी येऊन सांगितले आहे.

आता आम्ही ह्याच जिल्ह्यातील एका मोठ्या व दुःखद गोष्टीकडे वळतो. येथे विकलेली वस्तू कोयता नव्हती, तर जीव वाचविणारे यंत्र होते. ध्वनिलहरींच्या योगे पोटातील मूल पाहण्याचे जे सोनोग्राफीचे यंत्र, त्याचा मूळ उपयोग धातूंतील तडे शोधण्याकडे होत असे. ग्लासगो येथील डॉक्टर इयन डोनाल्ड यांनी तीच युक्ती गरोदर स्त्रियांस लावून १९५८ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. तेव्हापासून असंख्य बाळंतिणींचे प्राण ह्या यंत्राने वाचले आहेत. मूल आडवे आहे काय, जुळे आहे काय, वार खाली आली आहे काय, हे आधी कळले म्हणजे डोंगरातील वस्तीवरून स्त्रीस वेळेवर मोठ्या दवाखान्यात नेता येते. अशा यंत्राचा शोध लावणाऱ्यास कोणी दोष देणार नाही.

परंतु आपल्या देशात हुंड्याचे ओझे व मुलाचा हव्यास हे आधीपासून होतेच. मुलगी आहे हे पोटातच कळू लागले, तेव्हा त्या जुन्या पापास नवे डोळे मिळाले. आज थोडा खर्च करा व उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती काही दवाखान्यांनी उघडपणे केल्या. ही गोष्ट इतकी वाढली की, १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा केला, व १९९४ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. तरी यंत्रे विकली जातच राहिली. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली त्या ८०७ उरल्या, आणि हा आकडा साऱ्या महाराष्ट्रात सर्वांत खालचा होता. निसर्गाने जन्मास येतात त्या हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली. मधल्या मुली कोठे गेल्या, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. २०१२ च्या मे महिन्यात परळी येथे एका खासगी दवाखान्यात गर्भपात करिताना एक स्त्री मरण पावली. २०१९ साली न्यायालयाने तेथील डॉक्टर पतिपत्नीस व त्या स्त्रीच्या नवऱ्यास दहा दहा वर्षांची शिक्षा दिली.

डॉक्टर दोषी, नवरा दोषी. पण यंत्र विकणारा? त्याविषयी विचार करण्याची वेळ आधीच आली होती. २००० साली 'सेहत' व 'मासूम' ह्या संस्था आणि डॉक्टर साबू जॉर्ज हे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या कामात २००१ साली न्यायालयाने यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांस आज्ञा केली की, मागील पाच वर्षांत यंत्रे कोणाकोणास विकली त्यांची नावे द्यावीत. ही नावे विकणाऱ्यांपाशी नव्हती असे नाही. बिले होती, हप्त्यांच्या वह्या होत्या, दुरुस्तीस माणसे पाठविल्याच्या नोंदी होत्या. पैसे वसूल व्हावे म्हणून प्रत्येक घेणाऱ्याचे नावगाव लिहून ठेविले होते; घेणारा त्या यंत्राने काय करितो, एवढेच विचारले नव्हते.

पुढे कायदा सुधारण्यात आला व २००३ पासून नवे नियम झाले. ज्या केंद्राची सरकारात नोंदणी नाही त्यास यंत्र विकू नये. ह्या यंत्राने गर्भाचे लिंग पाहणार नाही असे प्रतिज्ञापत्र घेणाऱ्याकडून लिहून घ्यावे. कोणास यंत्र दिले त्याची यादी दर तीन महिन्यांनी सरकारकडे पाठवावी. हे सारे विकणाऱ्यास सांगितले आहे. बैल मारका असल्याचे गावाने धन्यास सांगावे, तसे देशाने विकणाऱ्यांस हे लेखी कळविले. त्यानंतर "आम्हांस ठाऊक नव्हते" असे म्हणण्यास जागा उरली नाही. आणि कठड्याचेही एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले. २०१० च्या सुमारास कोल्हापूरचे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी प्रत्येक सोनोग्राफी यंत्रास एक नोंद करणारे उपकरण बसविण्याचा हुकूम काढिला. त्याविरुद्ध डॉक्टरांची संस्था न्यायालयात गेली, पण २०११ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम योग्य ठरविला. यंत्र बंद झाले नाही, बाळंतिणींची सोय गेली नाही. फक्त त्या यंत्रास एक साक्षीदार लाभला.

ह्यावर विकणारा तीन गोष्टी म्हणतो, व त्या ऐकून घेतल्या पाहिजेत. तो म्हणतो, "मी दिले नाही तर दुसरा देईल." हे खरेही असेल. पण दुसरा चोरी करील म्हणून आपण आधी करावी, असे आम्ही आपल्या मुलांस शिकवीत नाही. माल दुसरीकडे मिळाल्याने जगातील वाईट कदाचित तेवढेच राहील. परंतु त्यात आपला हात होता की नव्हता, ह्यात फरक पडतो, व त्याचा जाब आपणासच द्यावा लागतो. पुन्हा, दहा दुकानदारांनी विचारू लागावे, म्हणजे अकराव्याचा शोध घेणे सोपे होते.

तो दुसरे म्हणतो, "कोणाच्या मनात काय आहे हे मला कसे कळावे?" मनातील कळत नाही, हे आम्हांस मान्य आहे. पण विकणाऱ्यास मन पाहावयाचे नसते, व्यवहार पाहावयाचा असतो. माल किती मागितला, कोणत्या वेळी मागितला, बिल नको असे का सांगितले, नेहमीच्या भावापेक्षा अधिक का देऊ केले, एवढे पाहावयास अंतर्ज्ञान लागत नाही. तिसरे तो म्हणतो, "कायद्याने मना केलेले नाही." कायदा हा सर्वांत खालचा उंबरठा आहे, त्याच्या आत राहिल्याने मनुष्य तुरुंगातून वाचतो, एवढेच. १९८८ पूर्वी महाराष्ट्रात गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा नव्हता, म्हणून त्या वर्षापूर्वी ती परीक्षा निर्दोष होती असे कोण म्हणेल?

येथे एका गैरसमजाविषयी सांगितले पाहिजे. विकणाऱ्यास दोष लाविला म्हणजे करणाऱ्याचा दोष कमी होतो, असे पुष्कळांस वाटते. परंतु दोष हा भाकरीसारखा नाही की, चार जणांनी वाटून घेतली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास चतकोर यावी. मुलगी नको म्हणणारे सासूसासरे, गप्प राहणारा नवरा, पैसे घेणारा डॉक्टर आणि जाणूनबुजून यंत्र पुरविणारा, हे प्रत्येक जण आपापल्या कृत्याबद्दल पुरते जबाबदार आहेत. एकाकडे बोट दाखविल्याने दुसरा सुटत नाही. आणि आम्ही जे मुलगी झाल्यावर पेढे वाटीत नाही व मुलगा झाल्यावर वाटितो, ते आम्ही ह्या हिशेबातून बाहेर आहोत असेही कोणी समजू नये.

आमचे वाचक म्हणतील, "सोनोग्राफीचे यंत्र आम्ही कोठे विकतो?" खरे आहे. परंतु खेड्यातील किराणा दुकानात गूळ असतो व नवसागरही असतो. गुळाची पोळी होते. नवसागराने कल्हईवाला भांड्यांस कल्हई करितो, त्यास तो चिमटीने पुरतो. पण ज्याच्या घरी ना सण आहे ना लग्न, त्याने काळ्या गुळाच्या ढेपा व त्याबरोबर किलोवारी नवसागर अंधार पडल्यावर न्यावा, तर त्याची हातभट्टी कोणत्या ओढ्यास लागली आहे हे दुकानदारास पक्के ठाऊक असते. शनिवारी त्याने तो माल विकला आणि रविवारी उपासनेत बसून, दारूने मोडलेल्या घरासाठी प्रार्थना केली, तर त्या प्रार्थनेचे मोल काय? तसेच पिकावर मारावयाचे औषध. ज्याचे पीक गेले, ज्याच्या दारी सावकार बसला आहे आणि ज्याच्या शेतात फवारणीस काही उभेच नाही, असा शेजारी संध्याकाळी विषाची बाटली मागू लागला, तर "आज राहू दे, आत ये, बैस, भाकर खा," एवढे म्हणणे दुकानदाराच्या हाती असते. तेवढ्याने प्रत्येक वेळी जीव वाचेल असे आम्ही म्हणत नाही. पण विचारले नाही म्हणून जो गेला, त्याची आठवण दुकानदारास जन्मभर राहील.

ह्यात नुकसान आहे, हे आम्ही लपवीत नाही. भट्टीवाला रोख देतो आणि गरीब गिऱ्हाईक उधारी ठेवितो. मोठे गिऱ्हाईक तोडिले तर महिन्याचा मेळ बसत नाही, आणि भट्टीवाल्याचे वैर पत्करावे लागते ते निराळेच. ज्या बांधवावर हा प्रसंग येतो त्यास नुसता उपदेश करून मंडळीने मोकळे होऊ नये. त्याचा माल आपण घ्यावा, त्याची उधारी वेळेवर फेडावी, व धमकी आल्यास त्याच्याबरोबर पाटलाकडे किंवा पोलिसांकडे चार जणांनी जावे. एकट्याने चांगले वागावे अशी अपेक्षा ठेवून त्यास एकट्यास सोडणे, हाही एक प्रकारचा दोषच आहे.

आणखी एक सावधगिरी. विचारावे म्हणजे गरिबाचा अपमान करावा, असे नव्हे. फाटके कपडे पाहून, आडनाव ऐकून, जात ओळखून जो दुकानदार माल देण्यास कचरतो व गाडीतून उतरणाऱ्या साहेबास हात जोडून देतो, त्याने ह्या लेखातून काहीच घेतले नाही असे आम्ही समजू. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आजोबांस दुकानाच्या पायरीखाली उभे राहून सौदा घ्यावा लागला आहे. ती पायरी नव्या नावाने पुन्हा बांधू नये. ज्यांनी लाखोंची यंत्रे घेतली ते शिकलेले व प्रतिष्ठित लोक होते. म्हणून प्रश्न माणसाच्या तोंडाविषयी नसावा, व्यवहाराविषयी असावा. आणि जो प्रश्न एकास तोच सर्वांस असावा. ऊस तोडावयास निघालेल्या नवराबायकोचे नाव वहीत लिहावयाचे असेल तर ते मानाने लिहावे, व "कोणत्या कारखान्यावर चाललात?" असे विचारून लिहावे. असे विचारले तर त्यात आपुलकीही दिसते, आणि खऱ्या कष्टकऱ्यास त्याचे उत्तर देण्यात लाज वाटत नाही.

असो. कपिलधारेच्या यात्रेतील तो लोहार आता सामान आवरीत असेल. त्याने किती कोयते विकले ह्याचा हिशेब त्यापाशी आहे. त्यांपैकी एखादा कोठे जाईल हे त्यास कळत नाही, व जे कळणे शक्यच नव्हते त्याचा जाब देव किंवा मनुष्य त्यास विचारणार नाही. पण संध्याकाळी शिव्या देत आलेल्या त्या एका गिऱ्हाइकास त्याने कोयता दिला की पाणी देऊन खाली बसविले, हे त्याच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेले नसले तरी विचारिले जाईल. आमच्या प्रत्येक वाचकाने, तो दुकान चालवीत असो, कोंबड्या विकीत असो, की दुसऱ्याच्या दुकानात नोकरीस असो, आजच्या विक्रीतील एक व्यवहार आठवून पाहावा, ज्यात विचारावयास पाहिजे होते आणि विचारले नाही. उद्या तोच मनुष्य पुन्हा आला, तर काय विचारावयाचे ते आज रात्रीच ठरवून ठेवावे.